दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

अण्णा,

आज रविवार. सकाळी कपडे वाळत घातले, बनशंकरीच्या बाजारातून भाजी आणली, उपमा केला. शुक्रवारी निकाल लागला. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात तपासणी विभाग आता मी सांभाळणार आहे. त्यासाठी लेखी परीक्षा होती आणि ती निम्मी त्रिकोणमितीची होती. तीच, जी तुम्ही बाहेरच्या खोलीत शिकवणीला येणाऱ्या मुलांना शिकवलीत.

प्रश्न एकदाच विचारायचा, हा तुमचा नियम. शिकवणीच्या मुलांसाठी तो सैल व्हायचा, पोटच्या मुलीसाठी नाही. मी दहावीत होते, सतरंजीच्या कडेला बसायची. साइन म्हणजे नेमकं काय, हे मी दुसऱ्यांदा विचारलं, तर तुम्ही खडू खाली ठेवलात. "एकदा सांगितलं ना? स्वल्प डोकं लागतं त्याला. साकु, पुरे आता. जा, सगळ्यांना कॉफी ठेव." मी कॉफी घेऊन येते, तर एक मुलगा म्हणतो, "अक्का, साखरेचं प्रमाण तरी जमलं ना?" सगळे हसतात. तुम्हीही हसता. दुसऱ्या दिवसापासून मी सतरंजीवर बसले नाही, आणि तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत.

या वर्षी मी मोबाइलवरच्या एआयकडून शिकले. आधी नुसती उत्तरं मागून उतरवून घेत होते. सरावाचा पेपर एकटीने सोडवायला बसले तेव्हा काहीच येईना. मग त्याला सांगितलं, उत्तर देऊ नकोस, तूच मला प्रश्न विचार, मी समजावून सांगेन, माझी चूक कुठे होते ते दाखव. मराठीत आणि मोठ्याने. पण त्याआधी मी तुमचा फोटो भिंतीवरून काढला, हार बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्याला टेकवून उभा केला. रोज कामावरून आले की तुमच्यासमोर बसून विचारायची, साइन म्हणजे काय? पुन्हा विचारायची. समजल्यावरसुद्धा विचारायची. एआय कधी शिडीचं उदाहरण द्यायचं, कधी उताराचं, वैतागायचं मात्र नाही. मला ते तुम्हाला ऐकवायचं होतं. आता तुम्हाला उठून जाता येत नव्हतं, आणि मला आत पाठवायचं तर मी आतच बसले होते.

एकदा एआयच चुकलं. मी म्हटलं, कामावर मी हाताने मोजते तो कोन इतका येत नाही, पुन्हा बघ. त्याने पाहिलं, चूक कबूल केली आणि माफी मागितली. माफी, अण्णा. यंत्रालाही जमते. त्या संध्याकाळी मी फोटो थोडा आणखी पुढे ओढला.

उद्यापासून नव्या मुलामुलींना मोजमाप शिकवायचं आहे. त्यांना पहिल्याच दिवशी सांगणार आहे, हव्या तितक्या वेळा विचारा. तुमचा नियम मी आमच्या विभागात येऊ देणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. उत्तर बरोबर आलं की एआय शाबासकी द्यायचं. तेव्हा मी मोबाइलकडे बघत नसे. तुमच्याकडे बघत असे.

परीक्षा होऊन गेली तरी फोटो अजून टेबलावरच आहे. आता उठते, कॉफी ठेवते. एकटीपुरती.