ढवळ्याने तोंड मिटलं तेव्हा

मोताळा

सुधाकरदादा,

आबांनी तोंड मिटून घेतलंय. पाणीसुद्धा घेत नाहीत. नाकातून नळी घालायची का, असं डॉक्टर विचारतात. फोनवर तू म्हणालास, "तू ठरव."

सरकारच्या कायद्याआधी माणसाच्या बुद्धीतच एक कायदा असतो, आणि जीव कामाचा उरला नाही तरी मोलाचा असतो, हे तू आयुष्यभर लिहिलंस. तुझं पुस्तक हातात धरून मी नांदुऱ्यापासून धाडपर्यंत सभा पेटवल्या. पुस्तकातल्या म्हाताऱ्या ढवळ्या बैलापाशी आलं की लोक रडतात. आबांनी तो बैल विकला नाही, हाताने कुटार चारलं.

पण तेव्हा तू पुण्यात होतास. शेवटी ढवळ्यानेही तोंड मिटलं. मी घास कोंबायला लागलो, तर आबा कडाडले, "काऊन छळून राह्यला बे त्याले? बस झालं आता. जवळ बस त्याच्या." आणि स्वतः त्याच्या मानेवर हात ठेवून बसले.

हे तुझ्या पुस्तकात नाही. माझ्या भाषणातही कधी आलं नाही. हे पत्र मी पाठवणार नाही. तू त्याचाही अध्याय करशील.

बैलाचं आबांनी ठरवलं. आबांचं मी कसं ठरवू? मघाशी त्यांच्या मानेवर हात ठेवून पाहिला. दुसऱ्या हातातला पाण्याचा चमचा मात्र खाली ठेववेना.

तुझा भाऊ,
प्रल्हाद