गॅरेजची माती

बाबा, आर्णीतल्या आपल्या दुचाकीच्या गॅरेजची जमीन तुमच्या हयातीत कधी कोरडी दिसलीच नाही. ऑईल, डिझेल, ग्रीस जिरून ती काळी पडली होती. आई म्हणायची, इथं गवतही उगवणार नाही. तीच माती प्रयोगशाळेत तपासताना मला एक जंतू सापडला, आणि तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण तोवर तुम्ही गेला होतात.

लहानपणी मी एकदा सायकलचा डावा पायडल सोडवत बसले होते. पाना दाबून दाबून हात लाल झाले, तरी हलेना. तुम्ही बघत होतात. मग म्हणालात, "जोर कायले लावून राह्यली? डाव्याचे आटे उलटे असतात." औषधांचंही तसंच आहे, बाबा. एकाच रेणूची डावी आणि उजवी अशी दोन रूपं असतात. अंगाला एकच लागू पडतं, दुसरं कधी कधी घातही करतं. कारखान्यात औषधाचा कच्चा माल करताना दोन्ही मिसळून निघतात. आपल्या मातीतला जंतू मात्र हवं तेच रूप बनवायचा. आनंदानं मी वेडी व्हायची बाकी होते.

आता तो बनवत नाही. यवतमाळच्या प्रयोगशाळेत त्याला साखर खाऊ घालून पिढ्यान् पिढ्या वाढवलं, आणि तो आपलं काम विसरला. गोठवून ठेवलेले नमुने जागे केले, तेही तसेच. महिनाअखेर त्यानं काम दाखवलं नाही तर प्रयोग बंद, माझी नोकरीही.  पुन्हा माती आणायला मी धावत आर्णीला गेले, तर गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान, खाली काँक्रीट, जुनी माती केव्हाच खणून फेकलेली. दुकानदारानं खुर्ची दिली आणि ताई, काहून रडून राह्यल्या म्हणून विचारलं. 

आईनं तुमच्या कामाच्या चपला ठेवल्या आहेत. वरून पुसते, तळ कधी धूत नाही. तळाला ती काळी माती वाळून चिकटलेली. असे काही जंतू कोरड्या मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतात, म्हणून मी तिच्याकडे ती मागितली. ती उठून आत गेली. मग चपला पुढ्यात ठेवून म्हणाली, "खरड. पण माह्यासमोर खरड."

काचेच्या बशा उबेला ठेवल्या आहेत. अजून काही उगवलेलं नाही. प्रयोगशाळेचे साहेब म्हणतात, असेल नसेल ती सगळी माती वापरा. संपली, असं मी त्यांना सांगितलं. बाबा, एका चपलेला मी हात लावलेला नाही.