माणशी सातशे चौरस फूट

बाबा, तुमच्याशी मनातल्या मनात भांडणं मी केव्हाच सोडलं, पण सातवीतल्या त्या होमवर्कवरून अजूनही राग येतो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं आणि अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावातलं हे घर आपण नुकतंच घेतलं होतं. शाळेत लोकसंख्येची घनता चालू होती. दोन जागा निवडा, माणसांच्या संख्येला क्षेत्रफळानं भागा, तुलना करा. मी तुमचं गिरगावातलं जुनं बिऱ्हाड आणि हे घर निवडलं. तुम्ही इतके खूश झालात की माझ्या हातातली पेन्सिलच काढून घेतलीत. गिरगावात दोनशे सत्तर चौरस फुटांत नऊ जण, इथे एकवीसशेत तिघं. आणि भागाकार तुम्ही उलटा केलात. तिथे माणशी तीस फूट, इथे सातशे.

"ट्वेंटी-थ्री टाइम्स," तुम्ही आईला बाहेरूनच सांगितलंत. "तेवीस पट जागा दिली मी तुला."

आई पोळ्या लाटत होती. "अहो, दिवसभर बोलायला एक माणूस नाही मला. जागेशी बोलू का?"

"अजून घरं होतायत इथे. लोक येतील. थोडं ॲडजस्ट कर ना."

टीचरनं उत्तर चूक ठरवलं. तिला जागेमागे माणसं हवी होती, आपण माणसामागे जागा दिली होती. "सेमच आहे, नुसतं उलटं मांडलंय," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात. लहानपणभर अंग चोरून झोपलेल्या माणसाला जागाच मोजता येणार, हे मला आता कळतं. कळून उपयोग काहीच नाही.

त्या हिवाळ्यात आई दुपारी गाडी काढायची, मॉलच्या पार्किंग लॉटमध्ये लावायची आणि काचेतून येणारी-जाणारी माणसं बघत बसायची. कुणाशी बोलायची नाही, काही विकत घ्यायची नाही. बर्फ वितळल्यावर ती महिन्याभरासाठी म्हणून मुंबईला गेली आणि परत आली नाही. "छोटं अपार्टमेंट घेऊ, हवं तर," तुम्ही फोनवर म्हणत होतात. असा तुमचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ती काय म्हणाली ते तुम्ही सांगितलं नाहीत. तुमच्या हिशेबानं मात्र आपली परिस्थिती सुधारलीच होती. एकवीसशे भागिले दोन, माणशी हजाराच्या वर.

तुम्ही म्हणालात तशी पुढे घरं झाली. सगळे रिकामे प्लॉट भरले, चौरस मैलामागे माणसं कितीतरी वाढली. तुमच्यामागून आईही गेली आता. ती तिथे सुखात होती, पण हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल असं मला वाटत नाही. एकवीसशे फुटांत मी एकटी राहते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून टेबलावरच ठेवते आहे. परवा शेजारी नव्यानं राहायला आलेली बाई हातात डबा घेऊन आली, दोनदा बेल वाजवली. खरं सांगायचं तर मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि ती जाईपर्यंत जागची हलले नाही.