अलेक्झांडर म्हणजे रक्षणकर्ता

सोमवार, ३ जून
वॉशिंग मशीनच्या हेल्पलाइनवर रुजू झालो. इथे फोनवर खरं नाव सांगायचं नाही. साहेबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, तुम्ही अलेक्झांडर. माणसाची पारख लागते.

मंगळवार, ४ जून
अर्थ शोधला. मूळ ग्रीक. पहिला भाग रक्षण करणं, दुसरा माणूस. माणसांचा रक्षणकर्ता! बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाथरूममधलं झुरळ मारा. मारणं वेगळं, रक्षण करणं वेगळं. तिला कोण सांगणार.

गुरुवार, ६ जून
शेजारच्या खुर्चीतल्या ताईंच्या आईचं सोमवारी ऑपरेशन. साहेबांनी रजा नाकारली. ताईंनी डबासुद्धा उघडला नाही. मी म्हटलं, उद्या मी बोलतो साहेबांशी. मॅसिडोनियापासून रशियापर्यंत राजांनी हे नाव उगाच नाही लावलं.

शुक्रवार, ७ जून
साहेब सकाळपासून तापलेले. मोहिमेत वेळ साधावी लागते. उद्या नक्की.

शनिवार, ८ जून, दुपारी
एक आजोबा केव्हाचे फोनवर. मशीनचं दार उघडत नाही, आत त्यांचा एकुलता एक कोट. मलाही हेडफोन काढता येईना. सुटलो की थेट केबिन.

संध्याकाळी
गेलो. साहेबांनी मान वर केली. मी विचारलं, एसी जरा कमी करता येईल का? नाही म्हणाले. ताईंना सांगितलं, विषय काढलाय.

रविवार, ९ जून
इतिहास वाचला. फारसीत जाताना 'अल' गळून याच नावाचं सिकंदर झालं. थोडंफार गळालं तरी मोठ्यांचं काही अडत नाही. ताईंचा फोन आला होता. सुट्टीत ऑफिसचं बोलणं तत्त्वात बसत नाही.

सोमवार, १० जून
ताईंनी नोकरी सोडली. त्यांचे फोन माझ्याकडे वळवले, जेवणाची सुट्टी निम्मी. साहेब म्हणाले, नावं खुर्च्यांची असतात. तुमच्या खुर्चीतले आधीचे दोन्ही अलेक्झांडर पळून गेले. ताईंच्या लाइनवर सोफिया म्हणायचं. सोफिया म्हणजे शहाणपण, तेही ग्रीकच. आज राजीनामा तोंडावर फेकणार होतो. हो म्हणालो आणि आवाज बारीक केला.

रात्री ताईंचा मेसेज आला. अलेक्झांडरदादा, आईचं ऑपरेशन नीट झालं. माझ्यासाठी तुम्ही साहेबांशी भांडलात, एवढं सख्खा भाऊही करत नाही.

फार लाज वाटली. माझं खरं नाव ताईंना ठाऊक नाही, तेवढं एक बरं आहे.