विटा गोठ्याला गेल्या

सणसर, मंगळवार, एप्रिल १९९४

आज हे बारामतीहून माझ्यासाठी पोट साफ व्हायचं चूर्ण घेऊन आले. म्हणाले, "मेडिकलवाला म्हणला, दोन-चार दिवसच घ्यायचं, सवय लावायची न्हाय. आन् दिवसभर भरपूर पाणी प्यायचं."

पाणी? अंधार पडेपर्यंत उसाच्या कडेला जाता येत नाही, म्हणून तर मी दिवसभर घसा कोरडा ठेवते. यांना हे माहीत नाही का? संडास बांधायला आणलेल्या विटा यांनीच जर्सी गाईच्या गोठ्याला लावल्या. माझ्या विटा! मला विचारलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "आन् पाणी पिऊन दिवसा जाऊ कुठं?"

यांनी बादली उचलली आणि विटांच्या गोठ्यात जर्सीला पाणी दाखवायला गेले.