काळ्या मातीतले लांडगे

मार्गशीर्ष वद्य ८, शके १८४९. रनाळे.
थंडी कडक. हरभरा फुलावर. हरणांनी बांधाकडचा निम्मा खाल्ला. नंदुरबारहून करीमचाचा आले आहेत, आमच्या गाद्या पिंजायला. काम संपलं की आमची शिकार, दरवर्षीसारखी. पहाटे दोघे गेलो. जमीन दगडासारखी. कळपाने लांबूनच कान टवकारले. आमच्याआधी नाल्यातून दोन लांडगे उठले, थोडं धावले, सोडून दिलं. मोठा काळवीट तर उड्या मारीत, जणू गंमत म्हणून. चाचा म्हणाले, "कोरडी भुईवर वारा बी त्यास्ले धराव नई."
बार काढलाच नाही.

पौष शु. २.
थंडी गेली. उकडतंय. दक्षिणेचा वारा, आभाळ भरलेलं. कळप आज काळ्या रानात नाही, मुरमाच्या बरडावर चढून बसलाय. खाली एवढा हिरवा हरभरा असून. लांडगे दिसले नाहीत. पावसाचं हरणांना आधी कळतं असं वडील म्हणायचे, मी हसायचो.

पौष शु. ४.
काल दिवसभर मावठा. हरभऱ्याच्या पानांवरची आंब धुऊन गेली, आता अळी पडणार. उजाडता पाहायला गेलो, चाचा बरोबर.
जे पाहिलं ते नीट लिहिता येईल की नाही.
भुकेने कळप खाली उतरला असावा. मादी लांडगा बरडाच्या वाटेवर नुसती बसलेली, परत वर जाऊ देईना. नर चिखलात. हरणांचे खूर बारीक, पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. लांडग्याचा पंजा पसरतो, तो वरून चालत होता. धावतही नव्हता. चालत. तोच मोठा काळवीट, एक पाय उपसला की दुसरा आत. शेवटी थांबला, वळला, शिंगं खाली केली. मग मादी उठली.
आवाज काहीच नाही. चिखलाचा तेवढा.
बंदूक हातात, अंतर मारायजोगं. चाचा हळूच म्हणाले, "कोनले मारशी, अण्णा?"
मी बंदूक खांद्याला अडकवली.

पौष शु. ५.
गावाला कळलं. लोक काठ्या, कुत्री घेऊन गेले, रुतलेली हरणं झोडली. घरोघर मटण. चाचा खाईनात, हलाल नाही. मीही ताट बाजूला सारलं, माझंच पीक खाऊन पोसलेलं मटण असून. चाचा दुपारच्या गाडीने गेले.

पौष शु. ९.
ऊन. माती वाळून भेगाळली. उरलेला कळप पुन्हा वाऱ्यासारखा. लांडगे मागे लागले, पाहता पाहता मागे पडले. पाच दिवसांपूर्वी हेच राजे होते.
संध्याकाळी नाथू धनगर आला. खतासाठी त्याच्या मेंढ्या माझ्याच शेतात बसवल्यात. "जमीन वाळनी, अण्णा. आते हरनं हातमां येतस नई, म्हनीसन लांडगा मन्हा वाड्यावर उना. दोन मेंढ्या लई गया. तुमनाकडे बंदूक शे."
पाहतो म्हणालो. तो गेल्यावर सौ. म्हणाली, "दखतस काय? त्यान्हं पोट मेंढ्यास्वर शे."
खरंच आहे.

पौष शु. ११.
सकाळी एकटाच नाल्याला गेलो, बंदूक ठासून. कडेच्या बिळातून मादी बाहेर आली. सड लोंबलेले, म्हणजे आत पिल्लं. बरगड्या मोजाव्यात अशा. पळाली नाही. उन्हात उभी राहिली, माझ्याकडे पाहत. मी नेम धरला. किती वेळ धरला ठाऊक नाही.
परत आलो. नाथू ओट्यावर बसलेला. विचारतो, "काय व्हयनं?"
मी म्हटलं, चहा घे.
आता पुन्हा दक्षिणेचा वारा सुटलाय. पाऊस आला तर त्यांना हरणं, माझा उरला हरभरा मातीत. नाही आला तर नाथूच्या मेंढ्या. आभाळाकडे काय मागावं समजेना. नाथूने चहा संपवला, अजून उठत नाही. बंदूक तशीच भरलेली आहे.