कोऱ्या जागेत काय वाजवायचं

आबा,

तुम्ही असता तर हा कागद बघून आधी खो खो हसला असता आणि मग माझ्यावरच खेकसला असता. पुण्याहून एक बाई जालन्याला आल्यात, संगीत रचतात. एकट्या सनईसाठी म्हणून त्यांनी हा कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर ना सा, ना रे. नुसत्या रेघा, शाईचे डाग, आणि खालचा अर्धा कागद कोरा. मी विचारलं, "बाई, यात राग कोणता?" त्या म्हणाल्या, "रेघ दिसेल तसा सूर. बाकी तुमचं तुम्ही ठरवा." सोबत संबळ नाही, मागे सूर धरणारा नाही. रेघ चढली की मी चढत गेलो, डागापाशी आलो की खालच्या सुरावर घोटाळलो. हळूहळू जमायला लागलं, मजाही येत होती.

काल तालमीत तो कोरा भाग आला आणि मी थांबलोच नाही. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, एकच सूर कागद संपेपर्यंत ओढला. बाई म्हणाल्या, "तिथे काहीच नव्हतं हो. तिथे गप्प राहायचं होतं." आता त्यांना काय सांगू? कुंभार पिंपळगावच्या लग्नात वरात मांडवाच्या तोंडाशी आल्ती आणि मी ओठ पुसायला सनई खाली घेतली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "फुंक तोडू नको! सनई मधीच गप झाली की लोकायला वाटतं, कोणी तरी गेलं. गाल फाटले तरी चालतील, पण सूर बंद न्हाई पडला पाहिजे!" तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

रविवारी कार्यक्रम आहे. थांबणं जमत नसेल तर दुसरा वादक बघते, असं बाईंनी गोड बोलून सांगितलंय. आज घरी करून बघितलं. सनई ओठांपासून काढली की घाबरून लगेच परत लावतो. तुमचा राग येतो मला, आबा. फुंकायला शिकवलंत, थांबायला कधी शिकवलं नाहीत.

बाईंना वाटतं, ही मांडवातली सवय आहे. मीही त्यांना तेच सांगितलं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. तुम्ही गेलात आणि पहाटेचा तुमचा रियाज बंद झाला. आई रडून रडून थकली होती, घरात चिडीचूप होतं, आणि मी कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच उन्हं वर येईपर्यंत झोपलो. फार बरं वाटलं होतं, आबा. आज सनई खाली ठेवली, तेव्हा पुन्हा तसंच बरं वाटलं.